रस्त्यावर अंथरलेली चटई
मावशी भांडखोर आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं. ती फक्त ऐकून घेत नाही. तीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री केली आणि कोट मळवणाऱ्या मोठमोठ्या डॉक्टरांना खडे बोल सुनावले. निवृत्त झाल्यावर ती आणि काका घर विकून मोटारघरात राहायला गेले. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग. खूप फिरायचं ठरलं होतं. पण दुसऱ्याच वर्षी काकांचा उजवा पाय लुळा पडला आणि गाडी तळ्याकाठी, अशा गाड्या भाड्याने उभ्या राहतात त्या एका कॅम्पसाइटवर कायमची थांबली.

तेव्हापासून दारापुढची चटई हेच काकांचं अंगण. प्लास्टिकच्या धाग्यांची, जाळीदार, कोपऱ्यांना खिळे ठोकून ताणलेली. खाली गवत आणि ओली माती. चटई नसली की वॉकरचे पाय रुततात. चटईवरून मात्र ते खुर्चीपर्यंत एकटे जात. मावशी हात द्यायची नाही. आत भांडी आपटत राहायची, म्हणजे आपल्याकडे कुणी बघत नाही असं त्यांना वाटावं.

यंदा नवा मॅनेजर आला. कुणीतरी महिनाभर ताडपत्री अंथरून गवत मारलं होतं, त्याचा राग त्याने सगळ्यांवर काढला. फाटकावर पाटी लागली: गवतावर काहीही अंथरलेलं दिसलं, तर जागा खाली करावी लागेल.

मावशी तरातरा ऑफिसात गेली. "माझ्या चटईतून पाणी झिरपतं. शिवाय दर तीन दिवसांनी मी ती सरकवते. येऊन बघा तरी!"

"नियम म्हणजे नियम, काकू."

"काकू असेल तुमच्या घरी," म्हणून ती परतली आणि खिळे उपटू लागली.

"जाऊ दे गं, मी खिडकीतून बघत जाईन," काका म्हणाले. हे मला फोनवर सांगताना तिचा आवाज कापत होता. रडू नव्हतं ते, संताप होता.

तिने शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून आपली गाडी वळवून घेतली. दार कॅम्पसाइटमधल्या खडीच्या रस्त्याकडे आलं. मग चटई थेट रस्त्याच्या मधोमध अंथरली आणि वर काकांची खुर्ची मांडली.

सकाळी मॅनेजरची मोटार आली. हॉर्नवर हॉर्न. काका गडबडून उठायला लागले.

"बसा हो," मावशी म्हणाली.

मॅनेजर उतरला. "हा काय प्रकार आहे?"

"गवतावर आहे का? नाही ना?"

मागे आणखी दोन गाड्या खोळंबल्या. तो जरा नरमला. "बरं, काका आजारी आहेत म्हणून तुमच्यापुरती सूट देतो."

काकांचा चेहरा खुलला. मावशीचा नाही.

"सूट नको. पलीकडच्या गाडीवाल्यांचीही चटई गेली, त्यांचं मूल चिखलात रांगतंय. पाटी काढा, मग मी चटई उचलते."

"आणि नाही काढली तर?"

काकांनी वॉकर ओढला, उठले आणि एकेक पाऊल टाकत मोटारीच्या बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले.

"तर मी रोज इथेच चालायला येणार," ते म्हणाले. "आणि मी जरा सावकाश चालतो."