एस्तेरबाईंचा जड लॅपटॉप

तुम्ही शेवटचा लॅपटॉप घेतलात तेव्हा दुकानदाराला काय विचारलंत? वजन किती आणि बॅटरी किती चालते, हेच ना? मग आता मी विचारते : तो उचलून तुम्हाला कुणापासून लांब जायचं होतं?

एस्तेरबाई भिंगारदिवे यांनीही नगरच्या दुकानात हेच दोन प्रश्न विचारले होते. उत्तरं नीट ऐकून घेतली. मग जो सगळ्यात जड होता आणि ज्याची बॅटरी सगळ्यात आधी संपत होती, त्याच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा द्या."

बाई तेव्हा सत्तरीच्या पुढं होत्या. शेवगावच्या शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकवलं. लग्न केलं नाही. वर्गात त्यांचं बोलणं छापल्यासारखं शुद्ध असायचं, आणि शाळेतून घरी येऊन चपला काढल्या की गल्लीतल्या बायकांसारखं. "शाळेची भाषा शाळेच्या खुंटीला टांगून येते मी," असं त्या म्हणायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, पण ओळख शाळेच्याही आधीची. माझे वडील साखर कारखान्यातल्या कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अक्षरं मी पत्रकांवरच गिरवली. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते.

त्या पत्रकांचा मजकूर बाई तपासायच्या. छापून आलेले गठ्ठेही त्यांच्याच घरी उतरायचे, कारण त्यांची पुढची खोली मोठी आणि घरात रागावणारं कुणी नाही. संध्याकाळी घडी घालायला माणसं जमायची. कामगार, त्यांच्या बायका, चर्चमधल्या दोन-तीन मावश्या, आम्ही पोरं. कागद दुमडायचा, नखानं घडी दाबायची, गठ्ठा बाजूला सरकवायचा. तोंडानं गप्पा, भांडणं, कुणाच्या सुनेची तक्रार. बाई मोठ्या पातेल्यात चहा ठेवायच्या, आणि चहा नको म्हणणाऱ्याला अशा बघायच्या की तो दोन कप प्यायचा. मला वाटायचं, आम्ही क्रांतीची तयारी करतोय. बाईंना काय वाटत होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. मुलं असं विचारत नाहीत.

पुढं मोबाईल आले. पत्रक आता एका बोटानं गावभर जातं. घडी घालायला कुणी लागत नाही. मला त्याचा अभिमानच होता : खर्च नाही, वेळ नाही, एका मिनिटात हजारो माणसं! मी ते बाईंना तावातावानं सांगितलं.

"पत्रक नको मुक्ता," बाई म्हणाल्या. "बोल."

हे त्यांचं नेहमीचं. मी भाषण सुरू केलं की त्या हात वर करायच्या. "पत्रक बाहेरच्यासाठी. घरात बोलायचं अस्तं."

"बोलतेच आहे की."

"न्हाई. तू समोरच्या गर्दीला सांगतीयास. हितं मी एकटीच हाय."

त्याच दिवशी त्यांनी लॅपटॉप घ्यायचं काढलं. मजकूर आता स्वतः टाइप करणार म्हणाल्या. मला फार आनंद झाला. मी चार ठिकाणी चौकशी केली, आणि माझं मत पक्कं झालं : बाईंना पातळ, हलका लॅपटॉप हवा. पिशवीत घालून गावोगाव नेता येईल, दिवसभर चार्जिंग लागणार नाही, गुडघ्यांना ओझं होणार नाही. आमचं काम हिंडण्याचं, तर यंत्रही हिंडणारं असावं. मी हे त्यांना पटवलं आहे, अशा समजुतीत आम्ही एसटीनं नगरला गेलो.

दुकानातल्या पोरानं दोन्ही लॅपटॉप पुढ्यात ठेवले. एक वहीसारखा पातळ. दुसरा काळा, जाडजूड, त्याच्या बटणांखाली लाल-निळे दिवे फिरत होते.

"आजी, हा गेमिंगचा," पोरगा म्हणाला. "नातवाला घ्यायचाय का?"

"नातू न्हाई मला. माझ्यासाठीच."

"मग हा पातळवालाच घ्या. टायपिंग, व्हिडिओ कॉल, सगळं होतं. दिवसभर चालतो. गेमिंगवाला वायरवरून काढला की दोन तासांत मान टाकतो. आन् फॅन लई आवाज करतो. एका जागी ठेवूनच वापरायचा अस्तो हा."

"एका जागी?"

"व्हय. हिंडवायचा न्हाई."

"पोरं खेळाया येतील ह्याच्यावर?"

"आजी, पोरं घरी परत जायची न्हाईत!"

बाईंनी बोट ठेवलं. मी मध्ये पडले. म्हटलं, बाई, हे खेळ म्हणजे तरुणांचा वेळ गिळणारा धंदा आहे, बंदुका चालवायला शिकवतात, आपण याच्या विरोधात लिहायला हवं आणि तुम्ही पदरचे जास्त पैसे देऊन…

"पत्रक संपलं की सांग," बाई म्हणाल्या, आणि दिव्यांकडे बघत दुकानातल्या पोराला म्हणाल्या, "हे बंद व्हत न्हाईत का? बारा महिने नाताळ वाटायचा घरात."

परत येताना खोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी घेते म्हटलं तर दिलं नाही. तिसगाव मागं पडलं तरी मी तोंड फुगवून बसले होते. मग बाईच बोलल्या.

"हलका घेतला असता तर तू काय केलं असतंस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून घरी नेला असता. रात्रीत पत्रक करून सकाळी आणून दिला असता."

"व्हय," बाई म्हणाल्या. "तेच."

आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर नुसती कापूस काढलेली रानं होती. मला कळलं. गावोगाव हिंडणारं यंत्र बाईंना नकोच होतं. जे उचलून कुणी नेणार नाही, ज्याची वायर भिंतीतून निघणार नाही, ज्याच्यापाशी बसायला माणसांना त्यांच्या पुढच्या खोलीत यावंच लागेल, असं यंत्र त्यांनी शोधून काढलं होतं.

आणि माणसं आली! गल्लीतली कॉलेजची पोरं आधी दारातून डोकावली, मग उंबऱ्यात उभी राहिली, मग ठाण मांडून बसली. त्यात समीर नावाचा एक म्होरक्या होता. त्याचा आवाज कोपऱ्यावर ऐकू यायचा.

"बाई, अडकतंय हो! नेट स्लो हाय तुमचं!"

"मग तवर चहा पी."

"आता न्हाई बाई, मरंल मी!"

"कपभर चहानं कुणी मेलेलं मी तरी बघितलं न्हाई."

पोरं खेळायची. बाई मागं खुर्ची टाकून पडद्याकडे बघत बसायच्या आणि मध्येच विचारायच्या, "त्या मान्साला कशाला मारलंस? त्यानं काय केलं हुतं?" लॅपटॉपचा पंखा घोंघावायचा, त्याच्या कडेनं गरम हवा यायची. थंडीत बाई तिथं हात धरायच्या. एकदा गल्लीच्या तोंडाचे दिवे महिनोन्महिने बंद होते, तेव्हा बाईंनी त्याच पोरांना पत्रक करायला बसवलं. समीरनं अंधाऱ्या गल्लीचा व्हिडिओ जोडला. तो मोबाईलवरून पाठवता आला असता, पाठवलाही. तरी बाईंनी कागदावर पत्रक छापून आणलं, आणि पुढच्या खोलीत पुन्हा घडी घालायला माणसं बसली. बंदुका चालवणारी ती बोटं घडी घालायला फार चपळ निघाली. त्या संध्याकाळी बाई चहाचं पातेलं घासताना गुणगुणत होत्या. त्यांना गाताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पोरं कायम कुठं टिकतात? समीर पुण्याला कंपनीत लागला. एक शिर्डीच्या हॉटेलात, बाकीचे असेच पांगले. मागून आलेल्या पोरांच्या हातातल्या मोबाईलवरच सगळे खेळ पळायला लागले. ती बाईंच्या ओट्यावर बसून खेळायची, आत यायची नाहीत. मलाही कर्जतला शाळेत नोकरी लागली. सुट्टीला मी यायचे.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी मी आले तर दाराबाहेरच पंख्याची घोंघों ऐकू आली. मनात म्हटलं, चला, पोरं आलेली दिसतात. आत बाई एकट्या होत्या. मांडीवर ताट, ताटात निवडायचे तांदूळ. समोर लॅपटॉप सुरू, आणि पडद्यावर खेळातला एक माणूस एका माळावर उभा. बटण दाबल्याशिवाय तो हलत नाही. नुसता उभा राहतो, श्वास घेतो, मधूनच मान वळवून इकडंतिकडं बघतो.

"कोण खेळत होतं?" मी विचारलं.

"कोनी न्हाई. मीच चालू केला."

"तुम्हाला येतं खेळायला?"

"न्हाई. खेळायचं न्हाईच." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "हा हितं उभा ऱ्हातो. चल म्हटल्याबिगर जात न्हाई. घरात आवाज ऱ्हातो. पैल्या पैल्यांदा लाज वाटली मला, आता न्हाई वाटत."

मी त्यांच्यापाशी खाली बसले आणि तांदूळ निवडू लागले. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकही पत्रक नव्हतं. त्या माणसाच्या मागं संध्याकाळ होत होती, खेळातली. आम्ही दोघी बघत होतो.

"समीरचा फोन येतो का?"

"येतो की. गुणी हाय पोरगा. म्हन्तो, बाई, तुमाला पातळ लॅपटॉप पाठवतो, मग रोज तोंड बघता यील एकमेकांचं." त्या हसल्या. "मी म्हटलं, नको बाबा. तोंड बघून झालं की तू यायचा न्हाईस."

गेल्या थंडीत बाईंना न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होते. नाकाला नळी, बोलताना धाप. नर्सला त्या शुद्ध भाषेत 'आपण जेवलात का' असं विचारायच्या, आणि माझ्याशी आपल्या बोलीत बोलायच्या.

"मुक्ता, घर बंद केलंस का नीट?"

"केलं."

"लॅपटॉप?"

"तोही बंद करून आले."

त्यांनी डोळे उघडले. "का केलास? पोरं येत्याल एखांद्या वेळी."

शेवगावला त्यांना पुरलं त्या दिवशी समीर पुण्याहून आला होता. माती देऊन झाल्यावर तो पुढच्या खोलीत, लॅपटॉपच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. बाईंचा भाचाही पुण्याहून सामान आवरायला आलेला. त्यानं लॅपटॉप एका हातानं उचलून पाहिला आणि परत ठेवला. "एवढं वजन कोण वागवणार? ताई, तुम्हीच न्या."

तो लॅपटॉप आता कर्जतला माझ्या भाड्याच्या खोलीत आहे. टेबलावर, वायरला लावलेला. शाळेतून आल्यावर मी दार उघडं ठेवते आणि तो सुरू करते. पंखा घोंघावतो. तो माणूस त्याच्या माळावर उभा राहतो. अजून कुणी आलेलं नाही. जिन्यावर पावलं वाजतात, मी मान वळवते, पावलं वरच्या मजल्यावर जातात. मीही मान वळवून इकडंतिकडं बघते, हे परवा माझ्या लक्षात आलं.

आजवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. प्रत्येकात कुणाकडे तरी मागणी केली : सरकारकडे, साहेबांकडे. या वेळची मागणी तुमच्याकडे आहे. हा मजकूर मी कागदावर छापून घेतला आहे आणि मुद्दाम घडी न घालता आणला आहे. गठ्ठा टेबलाखाली आहे. कर्जतमध्ये असाल तर रविवारी दुपारी घडी घालायला या. लांब असाल तर हा मजकूर मोबाईलवरून पुढं ढकलू नका. कागदावर उतरवा, दुमडा, आणि तुमच्या ओळखीतल्या ज्या घरात एकच माणूस राहतं तिथं हातानं नेऊन द्या. दिल्यावर लगेच निघू नका. बसा. आणि चहा नको म्हणू नका.