रजेतलं काम

औरादहून बीदरला जाताना बसमध्ये शेजारच्या बाईनं तान्हं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि बोनसचा कागद गुडघ्यावर घासून सरळ केला. "हिशेब बघा, काका."

ती डाळ मिलमध्ये कामाला. बाळंतपणाच्या पगारी रजेनंतर आता अर्धा दिवस जाते. कारकुनानं बोनसमधून रजेचे महिने गाळले होते, ते तिनं भांडून धरायला लावले. मालकानं चूक मानली, वर सगळ्या वर्षाचा पुरा बोनस देऊ केला. तो तिनं घेतला नाही.

"कामून?"

"आता अर्धा दिवस करायलेय, तेचं अर्धंच बरं. पर रजेत म्या रिकामी बसले न्हाई. तेचं पुरं पायजे."

मी जन्मभर गणित शिकवलं; कागदात दुरुस्तीला जागा नव्हती. रजेतलं काम माझ्या मांडीवर मुठी आवळून झोपलं होतं.