खलास कोण झालं

माझे कान आजही शाबूत आहेत. हे आधी लिहून ठेवतो, कारण मस्कतमधल्या आपल्या माणसांत उलटंच पसरलंय, आणि ते पसरवणारा अझैबाच्या फ्लॅटमध्ये एसी लावून सुखात झोपतो.

मी रत्नागिरीकडचा, चौथी पास. ओमानात आलो तो पाण्याचा टँकर चालवायला. डोंगरातल्या उतारावर अर्बाबने, म्हणजे माझ्या मालकाने, स्टिअरिंगवरचा माझा हात बघितला आणि मला शर्यतीच्या गाडीत बसवलं. गाडी बाहेरून घरच्या गाडीसारखीच, आतून मात्र सगळं उपसून काढलेलं. एकच सीट, भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्या सीटवर मी वीसेक वर्षं पगार घेतला. गावचं कोणी भेटलं की विचारायचं, "चाचा, ड्रायव्हर आहात ना?" मी म्हणायचो, "आहे, पण मॅडमला मॉलमध्ये सोडणारा नव्हे."

साठी उलटली तसा अर्बाबच्या पुतण्याचा डोळा सीटवर आला. अर्बाबने मला तोंडावर सांगितलं, "ही शर्यत जिंक, पुढचा सीझन तुझा. नाहीतर पोराला बसवतो."

त्याच सुमारास रुसैलच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पुण्याचा एक इंजिनियर आला. हुशार असेल, मला काय त्याचं. प्रत्येक वाक्याला "काका, ॲक्च्युअली" लावायचा. शर्यतीत माझ्या कानातल्या हेडफोनवर बोलायचं काम त्याला दिलं होतं.

त्या दिवशी मी पहिला होतो. मागे लाल गाडी चिकटलेली, तिच्या बऱ्याच मागे एक निळी. आमची शर्यत घड्याळावर, ठरलेला वेळ भरेपर्यंत चालते, फेऱ्या मोजून कळत नाही. संपली की कानात सांगतात. मी रेषा ओलांडून पुढे आलो आणि हा ओरडला, "काका, खलास, खलास."

आता या मुलखात खलास म्हणजे काय, हे भाजीवालाही सांगेल. काम संपलं, हात धुवा. मी पाय उचलला. लोकांकडे बघून हातसुद्धा हलवला. तेवढ्यात ती निळी गाडी बाजूने निघून गेली. वेळ भरली नव्हती, अजून एक फेरी बाकी होती.

शर्यत संपल्याचा झेंडा हलला का, हे का नाही बघितलं म्हणून विचारणारे शहाणे भेटतात. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत होतं. त्या उन्हात त्यांनी बसून बघावं.

गाडीतून उतरलो. हेल्मेट काढलं आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"खलास कोण झालं होतं?"

"मागचा, काका. लाल गाडी भिंतीला लागली ना. आपण म्हणतो तसं, खल्लास."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण मराठी माणसं."

"मला मराठी तू शिकवणार?"

अर्बाब आला. काय झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हा हिंदीत म्हणाला, "चाचांना कमी ऐकू येतं. मी सांगत होतो, थांबू नका." माझ्या समोर म्हणाला. अर्बाबने माझं काही ऐकून घेतलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. त्या हातावरून कळलं.

सीट पुतण्याला गेली. मला घरची मोठी गाडी देऊ केली, बायकांना बाजारात न्यायला. चावी त्याच्या टेबलावर तशीच ठेवून मी बाहेर पडलो.

ईदला तो इंजिनियर अल अमेरातला माझ्या दारात हजर. हातात मिठाईचा डबा. सून आतून म्हणाली, "अब्बा, आत तरी बोलवा." मी दारातून हललो नाही.

"काका, मनात ठेवू नका. मी नवीन होतो, घाबरलो."

"अर्बाबला सांगितलंस, चूक तुझ्या शब्दाची होती म्हणून?"

"आता त्याचा काय फायदा? माझा व्हिसा त्यांच्याच हातात आहे, काका. समजून घ्या."

"त्याचं घर लांब नाही. चल, मी गाडी काढतो. सणाचा दिवस आहे, तो ऐकून घेईल."

त्याने मिठाईचा डबा पुढे केला. मग म्हणाला, "जाऊ कधीतरी. इन्शाल्ला."

मी दार लावलं. डबा त्याच्याच हातात राहिला.