डाव्या हाताला

घरात तिला सगळे मोठी म्हणत. दोघीच बहिणी, मध्ये सहा वर्षांचं अंतर, म्हणून ती मोठी आणि दुसरी धाकटी. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मोठी सव्वीस वर्षं काचा घासत आली होती. गिऱ्हाईक पुढे काउंटरवर फ्रेम निवडून जायचं आणि फ्रेम, काचा, नंबराची चिठ्ठी असं सगळं एका ट्रेमधून तिच्याकडे यायचं. काचेवर बरोबर जागी शाईचा ठिपका द्यायचा, मग ओल्या चाकावर कड घासत घासत ती फ्रेमच्या मापाला आणायची. संध्याकाळपर्यंत नखांत पांढरा गाळ बसायचा. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून राबणाऱ्या या बाईचा स्वतःचा नंबर मात्र उणे आठ होता. चष्मा काढला की मला नवरा आणि कपाट सारखंच दिसतं, असं ती म्हणायची. त्यावर नवरा म्हणायचा, कपाट निदान उघडून तरी बघतेस.

पोहायला ती शिकली चव्वेचाळिसाव्या वर्षी, गुडघा कुरकुरायला लागला म्हणून. शिकवलं धाकटीने. धाकटी शाळेत खेळाची शिक्षिका, पाण्यात मासोळी. मोठीला मात्र श्वास घ्यायला मान एकाच बाजूला वळवता यायची, डाव्या. उजवीकडे वळवली की नाकातोंडात पाणी. धाकटीने वर्षभर प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले.

समुद्रकिनाऱ्यावरच्या एका शर्यतीचं खूळही धाकटीचंच. साडेसातशे मीटर समुद्रात पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल आणि वर पाच किलोमीटर वाळूतून धावायचं. मोठीने ऐकलं आणि हसून सोडून दिलं. सायकल ठीक, धावणं रखडत का होईना जमेल, पण समुद्र? तलावात तळाला निळ्या फरशीची रेघ तरी असते. समुद्रात दूरवर लावलेले पिवळे फुगे बघत जायचं असतं, आणि ते हिला दिसणार कसे?

"मी आहे ना," धाकटी म्हणाली. "तू श्वास डावीकडे घेतेस ना, मग मी तुझ्या डाव्या हाताला असेन. दर श्वासाला मी दिसेन. फुगे मी बघेन, तू फक्त मला बघ."

नंबराचा पोहण्याचा गॉगल मिळतो, हे काचांच्या धंद्यातल्या बाईला कुणी सांगायला नको. नाही म्हणता म्हणता तिने दुकानातून एक मागवलाही होता. धाकटीचं हे बोलणं झाल्यावर तिने तो रद्द केला. एकदाच तर जायचं, आणि बहीण शेजारी असताना काचेची काय गरज!

चार महिने दोघींनी सराव केला. शेवटचे तीन आठवडे धाकटी तलावावर कमी यायला लागली. शाळेत परीक्षा आहेत म्हणाली. मोठीला त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

शर्यतीच्या सकाळी दोघी बहिणी आणि मोठीचा नवरा अशी तिघं गाडीतून किनाऱ्यावर उतरली. छातीवर लावायचे नंबर, टोप्या, घोट्याला बांधायचा वेळ मोजणारा पट्टा असं सगळं धाकटीने आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. मोठीच्या पाकिटात नारिंगी टोपी होती. अंग गरम करून येते म्हणून धाकटी पुढे पळाली. मोठीने सायकल लावली, एक चष्मा हेल्मेटमध्ये ठेवला आणि जुना चष्मा डोळ्यांवर ठेवून नवऱ्याबरोबर पाण्याच्या कडेला गेली.

तेवढ्यात भोंग्यावरून हिरव्या टोप्यांना पुढे बोलावलं. हिरव्या टोप्या म्हणजे बक्षिसासाठी उतरणाऱ्यांची तुकडी. नारिंगीवाले, म्हणजे पहिल्यांदाच उतरणारे, दहा मिनिटांनी. हिरव्यांच्या पहिल्या रांगेत धाकटी उभी होती. दंड झटकत, नजर सरळ समुद्राकडे. शिट्टी झाली आणि ती पाण्यात शिरली.

मोठीला वाटलं, धाकटी चुकून भलत्या रांगेत गेली. तिने तसं नवऱ्याला म्हटलंसुद्धा. नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला की चुकून नाही, तीन आठवड्यांपूर्वीच तिने तुकडी बदलून घेतली होती.

"तुला माहीत होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस."

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये जरा खोट दिसली की आधी दाराला पाटी अडकवायची, मग हत्यारांना हात लावायचा, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. आणि घरात तीन आठवडे तो मूग गिळून बसला होता. रोज रात्री जेवताना तिने सरावाचं सांगितलं होतं, धाकटी कुठल्या बाजूला असेल तेही सांगितलं होतं, आणि याने मान डोलावली होती. ती मान डोलावणं आठवलं तेव्हा तिला पहिल्यांदा नीट लागलं. बहिणीने केसाने गळा कापला होता, आणि केस याने धरून ठेवला होता.

परत फिरता आलं असतं. पण मग त्याच्या शेजारी वाळूत उभं राहावं लागलं असतं, आणि त्या क्षणी तिला ते समुद्रापेक्षा अवघड वाटलं. तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि नारिंगी टोप्यांमध्ये जाऊन उभी राहिली.

पाण्यात शिरल्यावर जग म्हणजे करड्या रंगावर करडा रंग. दर श्वासाला तिची मान सवयीने डावीकडे वळायची आणि तिथे नुसतं पाणी असायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिला रडू आलं. गॉगलमध्ये आतून पाणी आणि बाहेरून पाणी. मग लाट तोंडात गेली, ठसका लागला आणि ती हातपाय झाडायला लागली.

"ताई, इकडे या, होडी धरा," कुणीतरी म्हणालं. राखणीसाठी फिरणारा एक म्हातारा होडीवाला होता. "धरलेली नियमात चालते. मी पुढे ओढणार मात्र नाही."

तिने होडी धरली. मला फुगे दिसत नाहीत, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, रंग दिसतात का? रंग दिसत होते. मग पुढच्या नारिंगी ठिपक्यामागे जायचं, वीस हात मारून मान वर काढायची आणि ठिपका हरवला तर थांबायचं, घाबरायचं नाही, असं त्याने सांगितलं. तो ठिपका कुणाचा होता हे तिला आजही ठाऊक नाही. वीस, मान वर; वीस, मान वर. दोनदा ती भलतीकडे गेली आणि दोनदा म्हाताऱ्याने हाळी देऊन तिला वळवलं. किनाऱ्याला पाय लागले तेव्हा मागे जेमतेम चार-पाच जण होते.

हेल्मेटमधला चष्मा घातला आणि रस्त्याची कड, सायकलची चाकं, पायांना चिकटलेली वाळू, सगळं लख्ख दिसायला लागलं. सायकलवर राग कामी आला. धावताना तोही संपला. शेवटचे दोन किलोमीटर ती निम्मं चालली, निम्मं धावली.

शेवटच्या कमानीखाली धाकटी टॉवेल घेऊन उभी होती, तिच्या गटात चौथी आलेली. ताई, तू केलंस, असं म्हणत ती पुढे झाली. मोठी तिला वळसा घालून पाण्याच्या टेबलापाशी गेली आणि दोन पेले प्यायली. धाकटी मागोमाग आलीच.

"मला सायकल शिकवताना तूही न सांगता हात सोडला होतास ना?"

"सोडला होता," मोठी म्हणाली. "पण मी मागून धावत होते. तू पडली असतीस तर दोन पावलांवर होते. तू कुठे होतीस?"

धाकटीने हातातला टॉवेल घडी घालून टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

पुढचे दोन-तीन महिने मोठीला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. घरी कुणीही आलं की नवरा हा किस्सा रंगवून सांगायचा. धाकटीने कशी युक्ती केली आणि मोठी कशी एकटीने समुद्र पोहून आली! लोक हसायचे, मोठीचं कौतुक करायचे. तिच्याशी झालेला दगाफटका त्यांच्या तोंडी विनोद होऊन बसला होता. एकदा नवऱ्याच्या भाचीच्या वाढदिवसाला किस्सा ऐन रंगात आला असताना ती शांतपणे म्हणाली, "ती युक्ती नव्हती. दोघं माझ्याशी खोटं बोलली होती." सगळे ताटात बघायला लागले. त्यानंतर तो किस्सा कुणी काढला नाही.

त्यानंतर आठवड्याभराने धाकटी दुकानात आली, थेट मागच्या खोलीत. मोठीचं चाक चालू होतं. तुझ्या भल्यासाठी वगैरे काही नव्हतं, असं धाकटीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. वर्षभर तिने मोठीच्या वेगाने पोहून काढलं होतं, आणि एकदा तरी तिला स्वतःच्या वेगाने पोहायचं होतं. ते तोंडावर सांगायची लाज वाटली.

मोठीने चाक बंद केलं. "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी हो म्हणाले असते."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "म्हणून तर जास्त लाज वाटते."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. आता धाकटी काही करायचं कबूल करते तेव्हा मोठी ऐकून घेते, पण तिच्यावर विसंबून न राहता आपली वेगळी सोय करून ठेवते. नवऱ्याने चुकलं हा शब्द अजून उच्चारलेला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ती एकटी तलावावर जाते. दारात चपला घालताना तो विचारतो, मी येऊ का सोडायला? ती नको म्हणते. आवाज चढवत नाही, कारणही देत नाही, आणि बसने जाते.