डब्यावरची सुमन

रेखे, अशी जवळ सरक बघू, कागदावरूनच तुझा कान धरते. परवा वाढदिवसाला मला पितळी डबा दिलास. नवाकोरा, पण मुद्दाम काळपट केलेला. वर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, 'सौ. सुमन'. मी आपली विचारात, ही सुमन कोण? कुणाच्या लग्नातला डबा हा? तू हसत सुटलीस. "मावशी, कुणीच नाही गं! डिझाइन आहे ते. सगळ्या डब्यांवर हेच नाव असतं."

मीही हसले खरी, पण तेव्हापासून ही नसलेली सुमन डोक्यातून जात नाही.

आमच्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या डब्यावर नाव घालताना भांडीवाल्यानं 'द्वारका'ची 'दारका' करून ठेवली. अण्णा तिला जन्मभर "अहो दारकाबाई" म्हणून चिडवायचे, आणि ती दर दिवाळीला तीच चूक चिंच लावून लख्ख करायची. तो डबा पाहून गेल्या वर्षी तूच म्हणालीस ना, "हा जुनाट डबा मोडीत काढ आता"?

तुम्हाला जुनं दिसणारं आवडतं, ते कळतं मला. त्याला माणूस चिकटलेलं असलं की ते का नकोसं होतं, तेवढं कळत नाही. माझ्यानंतर 'दारका कोण?' म्हणून कुणी विचारलं, तर सांगणारं कोण? मग आईचीही सुमनच व्हायची.

घासून घासून अक्षरं पुसट झालीत. बोट फिरवलं तर अजून लागतात. तोवर ये गं, लवकर ये.