वणीच्या कोर्टासमोर आमचं टेबल

नोटरीच्या टेबलाशी बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन बसतात. माणूस घरात, बाजारात वाट्टेल ते बोलतो. इथे मात्र त्याला शपथेवर खरं बोलायचं असतं, आणि तिथेच त्याची पंचाईत होते. वणीच्या कोर्टासमोर माझं टेबल आहे आणि शेजारी टायपिंग करणारे रफिकभाई. कित्येक वर्षं आम्ही एकाच पंख्याखाली बसतो. पंखा त्यांचा, वीजबिल माझं.

*

फौजदारी कायदे नवे आले तेव्हाची गोष्ट. राजूरचा जुन्या गाड्यांचा एक दलाल तणतणत आला. भर चौकात कोणीतरी त्याला 'चारशे वीस' म्हटलं होतं. त्याला अब्रुनुकसानीची नोटीस पाठवायची होती. मी सहज सांगितलं, की फसवणुकीचं कलम आता चारशे वीस राहिलं नाही, तीनशे अठरा झालं.

तो विचारात पडला. "म्हणजे त्यानं मले जे म्हटलं, ते आता कायद्यातच नाही?"

"त्या अर्थाने नाही."

"मग मी कायले भांडून राह्यलो?" तो शांत झाला, आम्हा दोघांना चहा पाजला. जाताना मात्र वळून म्हणाला, "मॅडम, उद्या त्यानं तीनशे अठरा म्हटलं तर येतो मी."

*

दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, हे लोकांना पटवणं महाकठीण. मुलीच्या दाखल्यासाठी आलेले एक गृहस्थ ऐकेचनात.

"साध्या कागदावर खरं कोण बोलते मॅडम?"

मी नियम वाचून दाखवला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "नियम बरोबर असन. पण सायबाले वाटन, का याची मुलगी काही कामाची नाही, म्हणून यानं स्वस्तात काम केलं."

शेवटी मी एकाऐवजी दोन शिक्के मारले. तेव्हा कुठे गडी खूश झाला.

*

एका नव्या बाळाच्या कागदासाठी आजोबा, मुलगा आणि सून आले होते. आता बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. आजोबांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांना त्यातला फायदा दिसला.

"चांगलंच झालं. पोरानं शाळेत मस्ती केली तर तक्रार आता सुनेच्या नावानं येईन."

सून बाळाचं टोपडं नीट करत होती. तिने मानही वर केली नाही. "पह्यला नंबर आला तरी माह्याच नावानं येईन, मामाजी."

*

भाडेकराराचं एक प्रकरण रफिकभाई अजून सगळ्यांना सांगतात. घर कोळशाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणून घरमालकाने अट घातली, की भाडेकरूने कोळशाच्या धुळीबद्दल तक्रार करायची नाही. भाडेकरू ट्रान्सपोर्टमध्ये कामाला, असल्या अटी कोळून प्यायलेला. त्याने खाली दुसरी अट लिहायला लावली, की घर सोडताना भिंती काळ्या झाल्याबद्दल मालकाने बोलायचं नाही. दोघांनीही सह्या केल्या. आजतागायत दोघांत एकदाही वाद झालेला नाही. माझ्या हातून झालेला एवढा चांगला करार दुसरा नसेल.

*

शोभा आणि गजानन ही भावंडं आली तो दिवस मी विसरणार नाही. त्यांचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं होतं आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. आईवडील नव्हते, हिस्सेदार हे दोघंच. एकाने नोकरी घ्यायची तर दुसऱ्याची लेखी संमती हवी. कोणी हटून बसलं, तर नोकरी कोणालाच नाही.

गजाननचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शोभा नवरा गेल्यापासून दोन मुलींसह माहेरी राहायची आणि शेत तीच वाहायची. आता शेतही नव्हतं.

आमच्याकडे बहिणीने हक्क सोडला की भाऊ तिला साडी-चोळी करतो. गजानन ती सोबतच घेऊन आला होता. पोरगा वाईट नव्हता. साडी चांगली महागाची होती.

मी संमतीपत्र वाचून दाखवलं आणि शोभाला विचारलं, "ही सही तुम्ही राजीखुशीने करताय ना?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ही नोकरी बाईले भेटते का?"

"भेटते."

रफिकभाईंचे हात कीबोर्डवर थांबले. गजानन हसला. "बाई, खाणीत काय करशीन तू?"

"शेतात मी काय करून राह्यलती?"

तो म्हणाला, "मी आहो ना. पोरींचं मी पाह्यतो."

"पाह्यतं, मले माहीत आहे," शोभा म्हणाली. "पण दरवेळेस मले तुह्यापाशी मागा लागन."

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी गजाननची दयाही आली. त्याने मनात नोकरी कधीच धरली होती. शोभा "आलीच" म्हणून समोरच्या कापडाच्या दुकानात गेली. तो साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला.

ती परत आली. तिने टेबलावर कोरा करकरीत दुपट्टा आणि टोपी असा पुरुषाला करतात तो आहेर ठेवला, पर्समधून कुंकवाची डबी काढली.

"रफिकभाऊ, कागद उलटा टाइप करा. नोकरी माह्या नावानं, संमती गजूची."

मग भावाकडे वळून तिने अगदी मायेने विचारलं, "कुंकू आधी लावू, का सही झाल्यावर?"