फट राखलेली खिडकी

या, अशा जवळ या. आणि आधी ते दार लावा बघू! कितीदा सांगायचं, बूट काढत उंबऱ्यात उभं राहायचं नाही म्हणून? अख्ख्या ग्वेल्फची थंडी घरात घेऊन येता आणि वर म्हणता, आजी, तुमच्याकडे गारठा फार. इतके दिवस कुणी फिरकला नाहीत, आणि विचारलं की "बिझी होतो" हे उत्तर तयार. असू दे. आलात ना, बसा. त्या मागच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र बसू नका. ती मावसोबांची आहे.

आता मावसोबा कोण, असं विचारत असाल तर तुम्ही या गावात नवे आहात एवढंच मी म्हणेन. कॅनडातल्या या साऱ्या ऑन्टारिओत वारा कुठून आत शिरतो हे वाऱ्याच्याही आधी ज्याला कळतं असा एकच माणूस आहे, आणि तो माझा व्याही लागतो. तसा अगदी सख्खा नव्हे. माझ्या सुनेच्या मावशीचे ते यजमान. सून त्यांना मावसोबा म्हणते म्हणून मी म्हणते, मी म्हणते म्हणून इथल्या मराठी मंडळातले सगळे म्हणतात, आणि त्यांचं खरं नाव आता बहुतेक त्यांच्या पासपोर्टलाच ठाऊक असेल. मूळचे नागपूरचे. इथल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं. दुसऱ्याच्या मालातली खोट काढायची आणि ती त्याच्या तोंडावर सांगायची याचा पगार मिळत होता, तोवर ठीक होतं. निवृत्त झाल्यावर ती नजर जाणार कुठे? ती खिडक्यांवर गेली.

लोक खिशाला पेन लावतात, हे उदबत्ती लावतात. मोगऱ्याचीच लागते. चंदनाचा धूर जड असतो आणि तो खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं तेच जाणोत. कुणाच्याही घरी गेले की नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ उदबत्ती पेटवायची आणि एकेका खिडकीच्या कडेकडेने फिरवत जायचं. धूर सरळ वर गेला की मावसोबांचा चेहरा पडतो. धूर वाकला, थरथरला, आत पळाला की बघा, सून बाळंत होऊन नातू झाल्यासारखा आनंद! "वारा घुसून राहिला नं बाप्पा! पाहा, पाहा, कसा घुसून राहिला!" घरमालकाला काय वाटेल याचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवत नाही.

ओकव्हिलला एकांकडे सत्यनारायण होता, तिथली गंमत ऐका. तळ्याकाठचं भलंमोठं घर, यजमानीणबाई पुण्याच्या, सगळं कसं यथासांग. कथा सुरू व्हायची होती तेवढ्यात आमच्या मावसोबांनी उदबत्ती पेटवली आणि पूर्वेकडून सुरुवात केली. लोकांना वाटलं, पूजेतलाच काही भाग असेल. दोघांतिघांनी हात जोडले. यजमानीणबाईंना वाटलं, ही नागपूरकडची पद्धत दिसते, आपल्याकडून उणीव नको. त्यांनी करंडा उचलला आणि मावसोबांच्या मागोमाग जाऊन प्रत्येक खिडकीला हळदकुंकू लावलं. शेवटच्या खिडकीशी मावसोबा थांबले, मान हलवली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "वहिनी, पूर्वेच्या खिडकीत दोष आहे." बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे वास्तू, ग्रह, नवऱ्याची नोकरी, सगळं उभं राहिलं असणार. हळूच विचारलं, "शांत करावी लागेल का हो?"

"शांत नाही, कॉकिंग करा लागते," मावसोबा म्हणाले. "रबराचा लेप येतो, तो त्या फटीत भरायचा. पण त्यापेक्षा खिडकीच बदला. सरकार पैसे देऊन राहिलं."

ही सरकारी मदत म्हणजे मावसोबांच्या म्हातारपणातला सुगीचा काळ. जुन्या, गळक्या खिडक्या काढून दुहेरी-तिहेरी काचांच्या बसवा, घराची ऊब घरात राहील, त्याबद्दल सरकार खर्चातला काही भाग परत देईल, अशी ती योजना. सरकारने कुणासाठी काढली मला ठाऊक नाही, पण मावसोबांना ती आपल्याच घरच्या कार्यासारखी वाटली. देवळात, ग्रोसरीच्या रांगेत, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा ते तीच समजावून सांगत. "सोपं आहे. मुलगी पाहायला येतात तसा आधी सरकारी माणूस घर पाहायला येते. त्यानं पाहिल्याबिगर खिडकीला हात लावायचा नाही. मग खिडकी बसवायची. मग तो पुन्हा पाहून जाते, संसार बरा चालला की नाही." एका नव्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाने हौसेहौसेने आधीच खिडक्या बसवल्या आणि मग अप्लाय केलं. अर्थातच नकार आला. तो मुलगा दुसऱ्या दिवशी विसरलाही, मावसोबांनी मात्र आठवडाभर गोड खाल्लं नाही.

मीही काही कमी शहाणी नाही हं. मला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की दोन काचांच्या मधे गॅस असतो आणि सरकार त्याला मदत करतं, तेव्हा मी इतकी खूश झाले! म्हटलं, अगंबाई, गॅसची सबसिडी इथेही आली वाटतं. मग सिलिंडर घरपोच येतो की आणायला जावं लागतं? मावसोबा खिडकीच्या बाबतीत कधी हसत नाहीत. मला म्हणाले, "विहीणबाई, आर्गॉन आहे तो. थंडी अडवते. पोळ्या नाही व्हायच्या त्यावर."

तपासणीला येणारा गोरा माणूस पुढच्या दारात भलामोठा पंखा बसवतो आणि घरातली हवा बाहेर ओढतो, म्हणजे फटीफटीतून वारा शिट्ट्या मारत आत येतो. ज्याच्या घरी तो येणार, त्याच्या घरी मावसोबा आदल्या तासापासून टाय लावून हजर. त्याला पोहे खायला घालायचे आणि मग तो पुढे आणि हे उदबत्ती घेऊन मागे, अशी मिरवणूक घरभर. तो बिचारा एवढंच म्हणायचा, "स्मेल्स नाइस." मावसोबांना हे मोठं सर्टिफिकेट वाटे. मला एकदा म्हणाले, "गंमत पाहा विहीणबाई. नागपुरात आम्ही खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावायचो, वारा आत यावा म्हणून. आता जिंदगी चालली तो येऊ नये म्हणून."

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी एक सांगते. मावशी होत्या तोवर मावसोबांना उदबत्ती लागत नव्हती. कुठेही गेले की मावशी बोलत आणि हे खिडकीकडे बघत बसत. मावशी इतकं बोलत की हे गप्प आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नसे. त्या गेल्या आणि लोकांना कळलं की या माणसाशी काय बोलावं ते आपल्याला ठाऊकच नाही. आमंत्रणं थांबली. कुणी मुद्दाम थांबवली नाहीत हो, आपोआप थांबली. जोडप्याला कुणाकडे जायला कारण लागत नाही. एकट्या माणसाला लागतं. हे मला मावसोबांवरून नाही कळलं, आमचे हे गेल्यावर माझ्यावरूनच कळलं. मुलाला कनाटा म्हणून लांबचं एक गाव आहे तिथे नोकरी लागली, तो आणि सून तिकडे गेले आणि मी या घरात राहिले, "आई, तुझं सगळं सर्कल तिथेच आहे" म्हणून. सर्कल! सर्कल म्हणजे मधे काही नसतं, ते खरंच आहे.

तर मावसोबांनी कारण शोधलं होतं, पण त्यांचं काम इतकं चोख की त्या कारणाच्या मुळावरच आलं. एकेक करून सगळ्यांच्या खिडक्या नव्या झाल्या. स्वतःच्या तर त्यांनी सगळ्यात आधी बदलल्या होत्या. "घर इतकं बंद झालं विहीणबाई, की फ्रिजचा श्वास ऐकू येते," असं मला म्हणाले होते. मग बाकीच्या घरांतही धूर सरळ जाऊ लागला आणि मावसोबांचा फोन वाजेनासा झाला. बुजलेल्या फटीला कोण विचारतो?

राहिली ही एक खिडकी, मागच्या खोलीतली, मेपलच्या झाडाकडची. जुनी लाकडी चौकट, खालच्या कोपऱ्यात चांगली फट. दर गुरुवारी दुपारी मावसोबा ती तपासायला येत. उदबत्ती धरायची, धूर वाकला की "वाढून राहिली हं फट" म्हणायचं, मग त्या खुर्चीवर बसून चहा, मग थोडं नागपूर, थोडं पुढच्या बर्फाचं, आणि मग मावशींची एखादी गोष्ट, तीही अशी की जणू आत्ताच आतून कपबशा घेऊन येतील. अंधारायच्या आत निघायचे. दरवेळी उंबऱ्यात वळून म्हणायचे, "अप्लाय करा विहीणबाई. योजना काही जन्मभर राहत नाही."

आणि मी करत नव्हते. आज माझा गुडघा दुखतोय, उद्या कागद सापडत नाहीत, परवा मुलाला विचारते. मुलगा फोनवर ओरडायचा, "आई, डेडलाइन आहे! व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" काय सांगणार त्याला? की बाबा, खिडकी नवी झाली तर गुरुवार जाईल?

शेवटी योजना बंद झाली. त्या गुरुवारी मी चहाचं आधण ठेवलं आणि उतरवलं. आता ते कशाला येतील? सरकारच गेलं मधून. तेवढ्यात बेल वाजली. दारात मावसोबा, टोपीवर बर्फ, खिशाला उदबत्ती. म्हणाले, "योजना बंद झाली. वारा थोडीच बंद झाला?" मी आधण पुन्हा ठेवलं.

या दिवाळीला मुलगा आला. दोन दिवस राहिला, पणत्या लावल्या, चकल्या खाल्ल्या, आणि जाता जाता गाडीतून म्हणाला, "आई, मागची खिडकी मी बाहेरून सील करून टाकलीय. आता तुला अजिबात थंडी लागणार नाही." इतक्या प्रेमाने म्हणाला हो. मी हात हलवला आणि गाडी वळताच मागच्या खोलीत गेले.

गुरुवार आला. मी सकाळपासून त्या कोपऱ्यापाशी तीनतीनदा बोट फिरवून पाहिलं. वाऱ्याचं नाव नाही. पोराने काम अगदी बापासारखं नीट केलेलं. खिडकी जरा उघडून ठेवावी म्हटलं, तर चौकट ओलीने फुगून घट्ट बसलेली. नखाने तो लेप उकरता येतो का, हेसुद्धा मनात येऊन गेलं. पण तो बाहेरच्या बाजूने, आणि बाहेर पहिल्याच बर्फाचा निसरडा चिखल. मग वाटलं, सरळ सांगून टाकावं की मावसोबा, फट राहिली नाही, तरी येत चला. पण आमच्या वयाच्या माणसांना असं कुठे बोलता येतं?

ते आले. उदबत्ती पेटवली. मी टेबलाशी कपबशा मांडायचं निमित्त करून पाठमोरी उभी राहिले, पण समोरच्या कपाटाच्या काचेत मला सगळं दिसत होतं. मावसोबा वाकले, कोपऱ्यात उदबत्ती धरली. धूर उठला आणि सुतासारखा सरळ वर गेला. त्यांनी हात थोडा डावीकडे नेला. सरळ. उजवीकडे नेला. सरळ. मग ते तसेच वाकलेले राहिले. इतका वेळ राहिले की मला वाटलं, कंबरेत उसण भरली की काय.

मग त्यांनी एकदा माझ्या पाठीकडे पाहिलं, गाल किंचित फुगवले, आणि हळूच, लहान मूल वाढदिवसाची मेणबत्ती विझवायला घाबरतं तशी फुंकर घातली. धूर वाकला.

"आहे, आहे," मावसोबा म्हणाले. जन्मभर मालातली खोट शोधलेला माणूस, उदबत्तीची राख नीट तळहातावर झेलत होता. "आहे विहीणबाई, अजून आहे फट."

मी वळले नाही. कपात साखर घालत म्हटलं, "असणारच. मला रोज वारा लागतो. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघावं लागेल."

"पाहा लागंल नं," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. मग चहा घेत आम्ही दोघंही मेपलकडे बघत राहिलो. बाहेर वारा चांगलाच होता, फांद्या हलत होत्या, पण आत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी पाठमोरी उभी राहते आणि ते फुंकर घालतात. पण मावसोबांना दम हल्ली लवकर लागतो. परवा फुंकर घातल्यावर खोकला आला, तर "धूर नाकात गेला" म्हणाले. म्हणून म्हणते, असं वर्षातून एकदा तोंड दाखवू नका. लवकर या, आणि जमलं तर गुरुवारी दुपारीच या. चहा असेल, चकल्या असतील, खुर्च्या तर ढीगभर रिकाम्या आहेत. आणि त्या दिवशी उंबऱ्यात जरा सावकाश बूट काढा, दार थोडं उघडं राहिलं तरी मी काही बोलायची नाही. तेवढाच धूर आपोआप वाकेल.